पूजेची पाच पोती

आमच्या कारखान्यात हंगाम उतरणीला लागला असताना नवे जीएम आले आणि त्यांनी पहिलं काम काय केलं, तर स्वतःच्या केबिनचं दार काढून टाकलं. उघडं ठेवलं असं नव्हे. सुतार बोलावला, बिजागऱ्या खोलल्या आणि दार उचलून बाहेर काढलं. "माझ्याकडं कोणीही, कधीही येऊ शकतं," असं ते म्हणाले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्या लोकांना टाळ्या वाजवायला कारण लागत नाही. समोर माईक धरलेला माणूस असला की झालं.

दार होतं तेव्हा निदान चार माणसं आत जाऊन, दार लोटून, आपलं गाऱ्हाणं सांगून यायची. आता आत कोण गेलं, किती वेळ बसलं, बाहेर येताना त्याचं तोंड कसं होतं, हे अख्ख्या ऑफिसला बसल्या जागेवरून दिसायला लागलं. त्यामुळं आत जाणंच बंद झालं. जीएमनी त्याचा अर्थ असा काढला की कारखान्यात आता कुणाची तक्रारच उरलेली नाही, आणि तसं त्यांनी मोठ्या मीटिंगमध्ये सांगितलंही. पुढं एप्रिलात एसीची हवा बाहेर पळायला लागली तेव्हा दाराच्या जागी प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा आला, दूध डेअरीच्या कोल्ड रूमला असतो तसा. काढलेलं दार कॅन्टीनवाल्यानं नेलं, दोन पिंपांवर आडवं टाकलं आणि त्यावर तो कांदा चिरायला लागला. त्या सगळ्या सुधारणेतून कुणाचं भलं झालं असेल तर ते कॅन्टीनवाल्याचं.

मी तिथं लॅब केमिस्ट होते. रस, पाक, साखर यांचे नमुने घ्यायचे, तपासायचे, वहीत लिहायचे. दुसऱ्या एका कारखान्यात काही वर्षं काढून मी इथं आले होते आणि माझा हा दुसराच हंगाम होता. माझे वडील धाराशिवला सरकारी ऑफिसात शिपाई होते. साहेबांची घंटा वाजली की डब्यातला घास डब्यात ठेवून उठायचे. मला त्याचा लहानपणापासून संताप यायचा. मी शिकेन आणि कुणाच्या घंटेला उठावं न लागणारी नोकरी करीन, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते हसले होते. ते का हसले होते हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तर जीएम. त्यांनी पुण्यात कसलासा नेतृत्वाचा कोर्स केला होता आणि तो कोर्स ते आमच्यावर करून बघत होते. गेटवर सात मूल्यांचा बोर्ड लागला. पहिलं मूल्य प्रामाणिकपणा, शेवटचं आपुलकी, मधली पाच कुणालाच पाठ नव्हती. लेबर ऑफिसरच्या टेबलावरची पाटी बदलून 'मनुष्यबळ मित्र' अशी झाली. माणूस तोच होता. दहा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस मांडणारा, आणि मयताला गेलेल्या माणसाकडं मयताचा पुरावा मागणारा. आता तो हे सगळं मित्र म्हणून करायला लागला.

आणि दर सोमवारी सकाळी कॅन्टीनच्या हॉलमध्ये गोलात खुर्च्या. प्रत्येकानं उभं राहून सांगायचं की आज आपण कशासाठी कृतज्ञ आहोत. पहिल्या सोमवारी बॉयलरवरचा एक जण म्हणाला, "म्या चहासाठी कृतज्ञ हाय, पर आजून आला न्हाय." सगळे हसले, जीएम हसले नाहीत. दुसऱ्या सोमवारी ऊस विभागाचा सुपरवायझर म्हणाला, "मी साहेबांसाठी कृतज्ञ आहे." जीएमनी छातीवर हात ठेवला. तिसऱ्या सोमवारपासून सगळा कारखाना साहेबांसाठी कृतज्ञ झाला. मीही झाले. उगाच खोटं कशाला सांगू, मी जरा जास्तच चांगल्या मराठीत झाले.

त्या गोलात एक माणूस मात्र दर वेळी वेगळं काहीतरी सांगायचा. आमचे पॅनमन. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. परंड्याच्या रस्त्यावरचं त्यांचं गाव. वय साठीकडं झुकलेलं. ते म्हणायचे, "काल दाना चांगला आला," किंवा "पाक स्वच्छ व्हता," आणि खाली बसायचे. जीएमना वाटायचं, या माणसाला कृतज्ञता समजलेली नाही.

पॅनमन काय करतो हे साखर खाणाऱ्यांना माहीत नसतं, ते ठीक आहे. साखर कारखान्याच्या जीएमला माहीत नसावं, हे जरा जास्त झालं. घट्ट पाक एका मोठ्या बंद भांड्यात उकळतात, त्याला पॅन म्हणतात. त्यात साखरेचा दाणा धरतो आणि हळूहळू वाढतो. किती पाक ओढायचा, कधी थांबायचं, भांडं कधी खाली करायचं, म्हणजे पॅन कधी सोडायचा, हे पॅनमन ठरवतो. चाचा एक दांडी आत घालून थेंबभर माल काढायचे, काचेच्या छोट्या तुकड्यावर बोटानं पसरायचे आणि उजेडासमोर धरून बघायचे. बस्स. माझ्याकडं यंत्रं होती, आणि माझी यंत्रं जे वीस मिनिटांनी सांगायची ते चाचा काच खाली ठेवायच्या आत सांगायचे. सुरुवातीला मी त्यांना खोटं पाडायचा बराच प्रयत्न केला. जमलं नाही तेव्हा नाद सोडला आणि त्यांच्याशेजारी उभी राहून काच बघायला शिकले.

एवढी वर्षं काढून हा माणूस हंगामी होता. ऊस आला की बोलावणं, ऊस संपला की घर. जीएमनी आल्या आल्या जाहीर केलं होतं की येत्या हंगामात एका पॅनमनला कायम करणार. चाचांची साठी तो हंगाम संपला की पूर्ण होणार होती. साठीनंतर कुणाला कायम करत नाहीत, तेव्हा ही त्यांची शेवटची संधी होती. मी त्यांना एकदा विचारलं, "चाचा, आता दोन दिवसांसाठी कायम होऊन काय मिळणार?"

"मिळायचं काय न्हाय, बाई," ते म्हणाले. "पर उन्हाळ्यात पारावर बसलो की नवा मानूस इचारतो, काय करता म्हनून. काय सांगू? सहा म्हैने पॅनमन आन सहा म्हैने कायच न्हाय? एकदा कायम झालो की मेल्यावरबी पॅनमनच की."

मी म्हटलं, यंदा तुमचंच नाव लागणार. मी बोलते साहेबांशी. हे मी अगदी सहज बोलून गेले. शब्द द्यायला आमचं काय जातं?

हंगाम सुरू झाला. उसाची पहिली मोळी पडली, गाळप सुरू झालं, आणि मग तो सोहळा आला ज्यासाठी आमच्याकडचे कारखाने बांधलेले असावेत असं मला कधीकधी वाटतं: पहिल्या पाच पोत्यांचं पूजन. साखरेची पहिली पाच पोती ओळीनं मांडायची, हळदकुंकू, हार, नारळ, कुणीतरी मोठा पाहुणा, फोटो. पाहुण्याची वेळ ठरलेली असते. साखरेची ठरलेली नसते. म्हणून सगळीकडं एक साधी पद्धत आहे. गेल्या हंगामातली पाच पोती बाजूला काढून ठेवायची आणि साखर वेळेत निघाली नाही तर तीच पुजायची. सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही, आणि देवानंही आजवर हरकत घेतलेली नाही.

पूजनाच्या आदल्या दिवशी मीटिंगमध्ये चाचांनीच विषय काढला. पाक उशिरा मिळतोय, साडेअकराला साखर निघंल असं वाटत न्हाय, तवा जुनी पाच पोती काढून ठेवा, असं ते म्हणाले. जीएम खुर्चीतून उठले. त्यांनी गेटवरच्या बोर्डाकडं, म्हणजे ज्या दिशेला गेट आहे असं त्यांना वाटत होतं तिकडं, हात केला. "आपलं पहिलं मूल्य काय आहे? प्रामाणिकपणा. आणि आपण जुनी साखर नवी म्हणून पुजायची? माझ्या कारखान्यात खोटी पोती पुजली जाणार नाहीत." आम्ही टाळ्या वाजवल्या. चाचांनीही वाजवल्या, पण हात एकमेकांवर ठेवल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी व्हायचं तेच झालं. सकाळी पाक उशिरा आला, पॅन उशिरा लागला. अकरा वाजता दाणा जेमतेम डोळ्याला दिसत होता. अजून निदान दोन तास हवे होते. खाली मांडव, रांगोळी, तेरखेड्याहून आणलेल्या फटाक्यांच्या माळा. आमचे चीफ केमिस्ट, ज्यांनी अशा वेळी वर असायला हवं, ते फेटा बांधून पाहुण्यांच्या स्वागताला उभे होते. वर पॅनवर चाचा, दोन मदतनीस आणि नमुने घ्यायला गेलेली मी.

फोन वाजला. मशीनच्या आवाजानं चाचांचे कान कमी झालेले, ते फोन घेत नसत. मी घेतला.

"मॅडम, पाहुणे आलेत. पॅन सोडायला सांगा."

"सर, अजून दोन तास लागतील, दाणा..."

"मॅडम, मला अडचणी नकोत, उपाय हवेत. सोडायला सांगा."

मी म्हणाले, "हो सर." फोन वाजल्यावर मी ज्या चपळाईनं उठले होते ती चपळाई मला कुठून आली हे मी तेव्हा ओळखायला हवं होतं.

चाचांच्या कानाशी जाऊन मी ओरडून सांगितलं. त्यांनी दांडी आत घातली. पुन्हा माल काढला, काचेवर पसरला आणि काच माझ्यासमोर धरली. "बघा. रव्याहून बारीक हाय. मशीनच्या जाळ्या धरंल ह्यो."

"साहेबांनी सांगितलंय, चाचा."

"तुमी सांगितलं का त्यास्नी, कच्चा हाय म्हनून?"

"सांगितलं," मी म्हणाले. अर्धं वाक्य सांगितलं होतं. अर्धं वाक्य पुरेसं धरायची मला सवय आहे.

त्यांनी काच पुसली, खिशात ठेवली आणि चाक फिरवलं.

पूजन झालं. पाच पोती मांडली ती ओली, तपकिरी आणि तळातून पाझरणारी. पाहुण्यांनी कुंकू लावलं आणि बोट पोत्याला चिकटलं. हार घातला तर झेंडूच्या पाकळ्या पोत्यावरच राहिल्या. पाहुणे जुने राजकारणी होते, त्यांनी असल्या गोष्टी आयुष्यभर पाहिल्या होत्या. बोट रुमालाला पुसत त्यांनी या कारखान्याच्या साखरेला वेगळाच गोडवा असल्याचं भाषण केलं. फटाके वाजले. जीएमनी आम्हाला ग्रुपवर फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'आमचा प्रामाणिक पहिला घास'. दोन हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

बाराच्या सुमारास साखर वेगळी करणाऱ्या मशीनच्या जाळ्या तुंबल्या. मग मागचा माल अडकला, मग पाक अडकला, मग रस, आणि शेवटी ऊस. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाळप बंद. ट्रॅक्टरांची रांग गेटमधून निघून हमरस्त्याला लागली. ट्रॅक्टरवाले ज्या शब्दांत आमची आठवण काढत होते ते शब्द त्या सात मूल्यांमध्ये कुठंच बसत नव्हते.

सोमवारी गोल बसला. भिंतीवर पडद्यावर अक्षरं: 'चूक कुणाची नाही, शिकणं सर्वांचं.' जीएमच्या हातात पिवळा स्पंजचा चेंडू. ज्याच्या हातात चेंडू येईल त्यानं बोलायचं आणि आपण कुठं कमी पडलो ते सांगायचं. कोपऱ्यात मनुष्यबळ मित्र वही घेऊन बसला होता. कुणाची चूक नव्हती तर हा माणूस लिहीत काय होता, असा प्रश्न तिथल्या एकाही सुशिक्षित माणसाला पडला नाही.

जीएमनी स्वतःपासून सुरुवात केली. "मी तुम्हाला याहून जास्त प्रेरणा द्यायला हवी होती," ते म्हणाले. मला हसू आवरेना, म्हणून मी खोकले. ऊसवाल्यानं सांगितलं, संवाद वाढवायला हवा. इंजिनिअरनं सांगितलं, समन्वय वाढवायला हवा. चीफ केमिस्टनी सांगितलं, संवाद आणि समन्वय दोन्ही वाढवायला हवेत. चेंडू असा हातोहात फिरत होता आणि कुणाच्या बोटाला काही लागत नव्हतं.

मग तो चाचांकडं आला. ते उभे राहिले. चेंडू दोन्ही हातांत धरला. "पॅन म्या सोडला," ते म्हणाले. "चूक माजी हाय. दुसऱ्या कुनाची न्हाय."

मग जीएम उठले, गोलातून चालत गेले आणि त्यांनी चाचांना मिठी मारली. "याला म्हणतात ओनरशिप!" ते म्हणाले. "सगळ्यांनी शिका!" टाळ्या. कोपऱ्यात मित्राचं पेन भराभर चालत होतं. आणि चाचांनी चेंडू माझ्या हातात दिला.

मी उभी राहिले. सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. फोन मी घेतला होता आणि हुकूम जीएमचा होता. एवढं वाक्य मला सकाळपासून पाठ होतं. मी म्हणाले, "टीम म्हणून आपण सगळेच थोडे कमी पडलो." आणि चेंडू पुढं दिला.

घरी येऊन मी नवऱ्याला हा प्रकार रंगवून सांगितला. सगळ्यांची नक्कल केली. जीएमची मिठी, ऊसवाल्याचा संवाद, चीफचा फेटा. आणि चाचांबद्दल म्हणाले, "काय भोळा माणूस आहे. सगळे खेळ खेळत होते आणि याला वाटलं खरंच विचारतायत. स्वतःच्या हातानं कबुली देऊन बसला." नवरा म्हणाला, "मग तू का नाही बोललीस?" मी म्हणाले, "तुला ऑफिसातलं कळत नाही." तो गप्प बसला, आणि मला वाटलं, बरा गप्प बसवला.

फेब्रुवारीत टाइम ऑफिसच्या बाहेर यादी लागली. कायम झालेल्या पॅनमनच्या जागी दुसऱ्याच एकाचं नाव होतं. त्या माणसाचा हात साधारण, पण ग्रुपवर साहेबांच्या प्रत्येक शुभ सकाळला पहिला नमस्कार त्याचाच असे. चाचांच्या नावापुढं शेरा होता: गंभीर चूक, स्वतः मान्य. चाचांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि पॅनवर गेले. उरलेला हंगाम त्यांनी नेहमीसारखा काढला. एक दिवसही खाडा नाही, एक पॅनही बिघडला नाही. मला वाटलं होतं, ते माझ्याशी बोलणार नाहीत. पण ते बोलत राहिले. काच दाखवत राहिले. त्याचा मला उलट त्रास व्हायचा.

एक दिवस मी धीर केला आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या बाजूला सारून जीएमसमोर जाऊन उभी राहिले. मागं अख्खं ऑफिस माझ्या पाठीकडं बघत होतं. मी सांगितलं, की सर, पॅन सोडायचा हुकूम तुमचा होता, तो फोन मी घेतला होता, चाचांनी नको म्हणून सांगितलं होतं.

जीएम प्रसन्न हसले. असलं हसू मी नंतर पुष्कळदा पाहिलं, ते कोर्समध्येच शिकवत असावेत. "तुम्ही आलात याचा मला फार आनंद झाला. यासाठीच तर दार काढलं. पण मॅडम, हे तुम्ही बैठकीत का बोलला नाहीत?"

मी मागं वळून पट्ट्यांकडं बघितलं.

"आणि दुसरं म्हणजे, मी तर 'सोडता येईल का बघा' असं म्हणालो होतो असं मला आठवतं. तुम्ही त्यांना काय सांगितलंत, हे तुम्हालाच माहीत. उद्या हा विषय वाढला तर तुमच्यावर यायला नको. मला तुमची काळजी वाटते." मग आवाज खाली आणून, "लॅब इनचार्जची जागा रिकामी होतेय. मी तुमचा विचार करतोय."

मी "थँक यू सर" म्हणाले. हे शब्द तोंडातून कसे निघाले मला माहीत नाही, पण चांगले खणखणीत निघाले. महिन्याभरात इनचार्ज झाल्याचं पत्र आलं. लॅबमध्ये मी पेढे वाटले, आणि पहिला पेढा पॅनवर जाऊन चाचांना दिला. त्यांनी तो तोंडात टाकला, "चांगलं झालं, बाई," म्हणाले. माझ्यासारख्या बाईला निर्लज्ज म्हणायला आमच्याकडं बरेच शब्द आहेत. त्यांनी त्यातला एकही वापरला नाही.

पुढच्या हंगामात चाचा आले नाहीत. साठी झालेली, त्यामुळं तसं बोलावणंही गेलं नव्हतं. पण कायम झालेल्या नव्या पॅनमननं पहिल्या पंधरवड्यातच दोन पॅन घालवले, आणि ज्या साहेबांना कुणाची गरज नसते त्यांना एकदम अनुभवाची किंमत कळली. चीफ केमिस्ट मला म्हणाले, "तुम्ही जा. तुमचं ऐकतील. हंगामापुरतं, सल्लागार म्हणून या म्हणावं." गाडी दिली. मी निघाले. एवढं सगळं होऊनही, साहेबांचा निरोप चाचांकडं पोचवायला पुन्हा मीच निघाले होते, हे अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं.

ते भूमच्या बाजूला भाच्याच्या खव्याच्या भट्टीवर होते. सकाळचे दहा वाजले असतील. मोठ्या कढईत दूध आटत होतं आणि चाचा लांब दांड्याच्या उलथन्यानं ते हलवत होते. मला बघून खूश झाले. भाच्याच्या पोरीला चहा आणायला सांगितला. थेंबभर खवा उलथन्याच्या टोकावर घेऊन दोन बोटांत चोळला, बघितला आणि म्हणाले, "हितं लई बरं हाय. दूध काय घाई करत न्हाय आन फोनबी येत न्हाय."

मी निरोप सांगितला. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. रागानं नाही. मी आग्रह केला नाही. चहा आला, प्यायला. मग माझ्याच्यानं राहवेना.

"चाचा, त्या दिवशी तुम्ही असं का बोललात? तो सगळा त्यांचा खेळ होता. कुणीच खरं सांगत नव्हतं. तुम्ही एकट्यानंच कशाला चूक पत्करली?"

ते हलवायचे थांबले नाहीत. "खेळ हाय, ह्ये काय मला कळत न्हवतं, बाई? म्या म्हातारा झालो, येडा न्हाय झालो." मग कढईचा काठ खरवडत म्हणाले, "त्या सोमवारी सकाळीच तो वहीवाला पॅनवर आला व्हता. इचारत व्हता, फोन कुनी घेतला, बाईनीच ना? बाईनीच सांगितलं ना सोडा म्हनून? दोनदा इचारलं. म्या वळखलं, ह्यास्नी कुनाला धरायचं हाय. तुमी हितं नव्या. तुमच्यावर आलं असतं तर दुसऱ्या कारखान्यात कुनी घेतलं असतं? म्हनून म्या म्हनलं, आदी माजी म्हनून टाकू. दोष एकदा माज्यावर आला की तुमाला भ्या न्हाय."

मी रिकामा कप खाली ठेवला.

"आन मला वाटलं," ते कढईकडं बघत म्हणाले, "म्या एवढं बोलल्यावर बाई उठतील. तुमाला आता कुनी काय करू शकत न्हवतं. तुमी फोनचं सांगितलं असतं की संपलं. म्हनून तर चेंडू तुमच्या हातात दिला. दुसऱ्या बाजूला बी देता आला असता."

वर्षभर मी त्या माणसाला भोळा म्हणत होते. नवऱ्याला सांगितलं, बहिणीला सांगितलं, लॅबमधल्या पोरींना सांगून हसवलं. त्या गोलातल्या एकूण एक माणसाची मी टिंगल केली होती, कारण सगळ्यांचं सगळं मला दिसतं अशी माझी समजूत होती. त्या हॉलमध्ये डोकं चालवून वागलेला माणूस एकच होता, आणि त्यानं ते माझ्यासाठी चालवलं होतं. मला इतकी लाज वाटली की मला माफीसुद्धा मागता येईना. माफी मागायलासुद्धा तोंड लागतं.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" शेवटी मी एवढंच म्हणाले, आणि त्यातही दोष त्यांच्याकडंच ढकलला हे माझ्या कानांना ऐकू आलं.

"म्या सांगून तुमी बोलला असता तर ते माजं बोलनं झालं असतं," चाचा म्हणाले. "तुमचं कुठं झालं असतं?"

दूध घट्ट होत आलं होतं. भाच्यानं हाक मारली तसे ते उठले, कढई उतरवायला. मीही उठले. निघताना विचारलं, "साहेबांना काय सांगू?"

"सांगा, म्या येत न्हाय म्हनलो," ते म्हणाले. "एवढं तरी जसंच्या तसं सांगा."

गाडीत बसल्याबरोबर चीफचा फोन आला. मी उचलला आणि जसंच्या तसं सांगितलं. चाचांसाठी मी आजवर केलेलं काम एवढंच.